एस्तवेल येथील एक बंगाली समाधिलेख

उत्तर फ्रान्समधील पा-द-कले विभागांत एस्तवेल नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील सार्वजनिक स्मशानभूमींत एका समाधीवर बंगाली लिपींत लेख कोरलेला असून त्याचा आशय असा : 'महावीराची समाधि, आदर दाखवा, स्पर्श करूं नका.' जेथें हीं अक्षरें वाचूं शकणारा मनुष्य क्वचितच यावयाचा, तेथें हा लेख कोणाचा, हें वाचकांस सादर करण्याचें योजिलें आहे.

समाधि इंद्रलाल रॉय या वैमानिकाची आहे. यांचा जन्म कलकत्ता येथें ता. २ डिसेंबर १८९८ रोजीं झाला. वडील बॅरिस्टर होते. शिक्षण लंडन येथील सेंट पॉल्स शाळेंत झालें. ता. ५ जुलै १९१७ रोजीं त्यांस रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश विमानदळांत अधिकारपद मिळालें व ऑक्टोबरअखेर ते ५६ व्या तुकडींत दाखल झाले. ता. ६ डिसेंबर रोजीं विमान कोसळून ते जखमी झाले. त्या आजारपणांत त्यांनीं विमानांचीं पुष्कळ रेखाचित्रें काढलीं. त्यांपैकीं अनेक आजही उपलब्ध आहेत, ही संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट होय.

जून १९१८ मध्यें ते ४० व्या तुकडींतून पुन्हां आघाडीवर गेले. पुढील हकीकत अवघ्या कांहीं दिवसांची आहे. ता. ६ जुलैपासून ता. १९ पर्यंत त्यांनीं शत्रूच्या विमानांवर एकामागून एक विजय मिळविले, आणि ता. २२ जुलै रोजीं कार्वां गांवाजवळ जर्मन फोकर विमानांशीं झुंजतांना ते पडले. वय १९ वर्षें, ७ महिने, २० दिवस. ता. २१ सप्टेंबर १९१८ च्या लंडन गॅझेटांत त्यांस मरणोत्तर 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हें पदक जाहीर झालें.

आतां साधनांतील एक भेद पाहण्यासारखा आहे. गॅझेटांतील प्रशस्तींत तेरा दिवसांत नऊ विमानें असा आंकडा आहे. पुढील संशोधकांच्या याद्यांत दहा विजय दिले आहेत. या दहांपैकीं पांच विमानें नष्ट झालीं व पांच ताबा सुटून खालीं गेलीं, असें वर्गीकरण असून प्रत्येक वर्गांतील एक विजय दुसऱ्या वैमानिकांसह वांटून घेतलेला आहे. अशा सामायिक विजयांची गणना एकाच रीतीनें होत नाहीं. म्हणून या एकाच्या फरकावरून कोणतेंही साधन खोटें ठरविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

नांवाच्या बाबतींत मात्र असा फरक घातक ठरतो. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हेही वैमानिक त्याच वर्षीं जून महिन्यांत फ्रान्समध्यें मरण पावले. जर्मनांनीं पुरतांना त्यांचें नांव अपभ्रष्ट लिहिलें. युद्धोत्तर चौकशींत त्यांची ओळख पटली. आज त्यांची समाधि हांगार येथें आहे. पोथींतील एक अक्षर चुकलें तर दुसऱ्या प्रतीचा आधार असतो. येथें एका अक्षराच्या चुकीनें मनुष्यच हरवावयाचा होता.

आपल्या प्रांतांत याहून वेगळें चित्र दिसतें. पहिल्या महायुद्धानंतर अनेक गांवीं शिला बसविण्यांत आल्या. या गांवांतून इतके लोक लढाईस गेले, पैकीं इतके कामास आले, एवढेंच त्यांवर असतें. संख्या आहे, नांव नाहीं. इंद्रलालांस पदक होतें, लिहितें-वाचतें कुटुंब होतें. म्हणून परक्या भूमींतही स्वभाषेंतील एक ओळ त्यांच्या वांट्यास आली. त्या शिलांवरील माणसांचीं नांवें असलींच तर घरोघरच्या पेट्यांतील पत्रांत व पेन्शनच्या कागदांत असतील. ताम्रपटांच्या शोधांत फिरणाऱ्यांनीं हे जीर्ण कागदही पाहावे, अशी आमची विनंति आहे. कारण त्यांची दुसरी प्रत बहुधा मिळणार नाहीं.

एस्तवेलचा लेख वाचावयास कोणी गेल्यास त्यानें ठसा घेण्याचा मोह टाळावा. छायाचित्र पुरे आहे. स्पर्श करूं नका, असें तो दगडच सांगत आहे.