माइल्स माझे, विमान कुणाचं?

तीन एअरलाइन्स, एक तिकीट आणि डोळ्यांसमोर एकच स्वप्न, बिझनेस क्लासची पूर्ण आडवी होणारी सीट! कनेक्टिंग फ्लाइटवर माइल्स उडवायचे असतील, तर आधी एवढं वाचाच.

२००९ साली आलेला ‘अप इन द एअर’ पाहिलाय? त्यातला जॉर्ज क्लूनी वर्षातले बहुतेक दिवस विमानात काढतो आणि त्याचं एकच ध्येय असतं, एक कोटी माइल्स जमवायचे. कार्ड दाखवलं की रांग संपते, नाव घेऊन स्वागत होतं, सगळं कसं मख्खन! सिनेमा बघून आपल्यालाही वाटतं, अरे, आपणही वर्षातून चार वेळा ऑनसाइटला जातो, आपलं काय?

पण क्लूनीची गोष्ट वेगळी आहे, बॉस. तो अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरतो आणि एकाच एअरलाइनला धरून असतो. आपला माणूस संध्याकाळी हिंजवडीतून कॅबने निघतो, मध्यरात्री मुंबईहून उडतो, फ्रँकफर्टला विमान बदलतो आणि शिकागोला उतरतो. तिकीट ट्रॅव्हल डेस्कने युनायटेडचं काढलेलं, पहिलं विमान लुफ्तान्साचं, दुसरं युनायटेडचं आणि माइल्स साठवलेत एअर इंडियाच्या खात्यात! मग काउंटरवर जाऊन ‘माइल्सवर अपग्रेड मिळेल का?’ असं विचारलं, की पलीकडून गोड आवाजात ‘सॉरी सर’ येतं. चूक त्या काउंटरवाल्यांची नसते. त्यांच्या हातात ते नसतंच.

ही भानगड सुरू कुठे झाली?

१९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने ‘एअॅडव्हांटेज’ सुरू केलं, आणि काही दिवसांतच युनायटेडनेही आपला प्रोग्रॅम आणला. हिशेब सोपा होता. आमच्याच विमानाने उडा, मैल मोजू आणि फुकट तिकीट देऊ. नंतर कंपन्यांनी हातमिळवणी केली. १९९७ मध्ये स्टार अलायन्स, १९९९ मध्ये वनवर्ल्ड आणि २००० मध्ये स्कायटीम. आपली एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये गेली. लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स हे सगळे त्याच कळपातले. कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये आहे. एमिरेट्स आणि एतिहाद मात्र या तिन्हींपैकी कुठेच नाहीत. त्यांनी आपापले पार्टनर वेगळे जोडलेत.

अलायन्समुळे एक झकास सोय झाली. एका कंपनीच्या विमानात बसा आणि दुसरीच्या खात्यात माइल्स टाका. पण अलायन्स म्हणजे एक कंपनी नव्हे. एकत्र कुटुंब असलं तरी प्रत्येकाच्या कपाटाची किल्ली वेगळी! कमवायला सगळ्यांची दारं उघडी असतात, खर्च करताना मात्र एकेक कुलूप लागतं. आणि त्यातलं सगळ्यात घट्ट कुलूप अपग्रेडचं.

आधी तीन प्रश्न

अपग्रेडचं नाव काढण्यापूर्वी ई-तिकीट उघडा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, तिकीट कुणाचं? तेरा आकडी तिकीट नंबरचे पहिले तीन आकडे बघा. ०९८ म्हणजे एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, ०१६ युनायटेड, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स. तिकिटात काही बदल करायचा तर साधारणपणे याच कंपनीचं दार ठोठवायचं.

दुसरी, विमान कोण उडवतंय? फ्लाइट नंबर युनायटेडचा असतो आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की विमान लुफ्तान्साचं आहे. याला म्हणतात कोडशेअर. सीट, जेवण आणि मुख्य म्हणजे बिझनेस क्लासच्या रिकाम्या खुर्च्या, हे सगळं विमान उडवणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे त्याचा पीएनआरही बहुतेकदा वेगळा असतो. युनायटेडचा पीएनआर लुफ्तान्साच्या साइटवर टाकून ‘बुकिंग सापडलं नाही’ असं आलं, की घाबरू नका. युनायटेडला फोन करून लुफ्तान्साचा पीएनआर मागा, विषय संपला.

तिसरी, अक्षर कोणतं? इकॉनॉमी म्हणजे इकॉनॉमी असं नसतं. वाय, बी, एम, एच, क्यू, के, एल अशी अक्षरं तिकिटावर असतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. वाय म्हणजे इकॉनॉमीतलं सगळ्यात महाग भाडं. शेजारी बसलेल्या दोघांना एकाच विमानात सारखंच जेवण मिळतं, पण माइल्स मात्र एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला चतुर्थांश किंवा चक्क शून्य! हे सगळं त्या एका अक्षरावर.

अपग्रेड अडतं कुठे?

आता मुद्द्याचं. ज्या कंपनीचे माइल्स, तिचंच तिकीट आणि तिचंच विमान असेल, तर माइल्सवर अपग्रेड मिळणं त्यातल्या त्यात सोपं. तिन्हीपैकी एक जरी परकं निघालं, की नियम कडक होतात.

स्टार अलायन्समध्ये एका कंपनीचे माइल्स देऊन दुसरीच्या विमानात अपग्रेड घेण्याची सोय आहे. पण ती सगळ्या कंपन्यांत नाही आणि सगळ्या तिकिटांवर तर नाहीच. इकॉनॉमीतून वर जायचं तर मूळ तिकीट सहसा वाय किंवा बीसारख्या महागड्या अक्षराचं लागतं. आपलं कंपनीने काढलेलं तिकीट अशा अक्षराचं क्वचितच असतं. शिवाय अपग्रेड एकच पायरी वर मिळतं. विमानात प्रीमियम इकॉनॉमी असेल, तर ती पायरी कोणती, हे आधी विचारून घ्या. त्यावर आणखी एक ग्यानबाची मेख. विमानात बिझनेसच्या दहा खुर्च्या रिकाम्या दिसतात, म्हणून त्या माइल्सवाल्यांसाठी खुल्या असतात असं नाही. पार्टनरच्या सभासदांसाठी किती खुर्च्या सोडायच्या, हे विमान उडवणारी कंपनी ठरवते. ती एकही सोडत नसेल, तर तुमच्या खात्यात लाखभर माइल्स असून उपयोग शून्य.

मग गोल्ड कार्डचं काय? स्टार गोल्ड असाल तर पार्टनरकडेही लाउंज, वेगळा चेक-इन काउंटर, आधी बोर्डिंग आणि जास्तीची बॅग मिळते. कनेक्टिंग प्रवासात ही काही छोटी गोष्ट नाही. पण गोल्ड म्हणजे फुकट अपग्रेडचा हक्क नव्हे. ते लाड बहुतेक कंपन्या फक्त आपल्या घरच्या सभासदांचे करतात.

मग माइल्स वापरायचे कसे?

फंडा असा. पार्टनरच्या विमानात अपग्रेडच्या मागे लागण्यापेक्षा माइल्स देऊन थेट बिझनेसचं अवॉर्ड तिकीट काढा. अवॉर्ड तिकिटाला मूळ भाड्याच्या अक्षराची अट नसते, कारण मूळ तिकीटच नसतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विमानंही एकाच अवॉर्ड तिकिटात बसतात. ऑफिसचा प्रवास इकॉनॉमीत करून माइल्स कमवा आणि सुट्टीच्या प्रवासाला ते थेट बिझनेसवर उडवा.

आणि अपग्रेडच हवं असेल, तर सगळ्या प्रवासाचं मागू नका. अपग्रेड लेगप्रमाणे मिळतं आणि माइल्सही लेगप्रमाणे कापले जातात. मुंबई–फ्रँकफर्ट हा सुमारे चार हजार मैलांचा प्रवास, फ्रँकफर्ट–शिकागो त्याहून थोडा लांब. पण मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उडतात. म्हणजे पहिला लेग झोपेचा, दुसरा दिवसाचा. एकच अपग्रेड परवडत असेल, तर ते रात्रीच्या लेगवर लावा. दिवसा तसेही आपण सिनेमे बघत जागेच असतो.

माइल्स वाया जातायत की वसूल होतायत, हे कळायलाही साधं गणित आहे. समजा, बिझनेसचं तिकीट दोन लाखांचं आहे. अवॉर्डला ८० हजार माइल्स आणि २० हजार रुपये टॅक्स-सरचार्ज पडतायत. म्हणजे वाचले एक लाख ऐंशी हजार. भागिले ८० हजार. एका माइलचे सव्वादोन रुपये झाले. त्याच ८० हजार माइल्सवर १६ हजारांचं शॉपिंग व्हाउचर मिळत असेल, तर एका माइलचे फक्त वीस पैसे! आता मिक्सर घ्यायचा की बिझनेस क्लास, तुम्हीच ठरवा. फक्त तो टॅक्स-सरचार्जचा आकडा आधी बघा. काही कंपन्यांचा तो इतका जास्त असतो, की ‘फुकट’ तिकीट फुकट उरत नाही.

आई-बाबांना बसवा ना!

अमेरिकेत नातवंडाच्या बाळंतपणाला किंवा बारशाला निघालेले आई-बाबा हे दृश्य मुंबई विमानतळावर रोजचं. पायांना सूज, गुडघ्यांचं दुखणं आणि मध्ये विमान बदलायचं टेन्शन. आपल्या माइल्सचा याहून चांगला उपयोग कोणता? बऱ्याच प्रोग्रॅममध्ये आपल्या माइल्सवर घरच्यांचं तिकीट काढता येतं. मात्र काही ठिकाणी त्यांची नावं नॉमिनी म्हणून आधी नोंदवावी लागतात. हे काम आजच करून ठेवा, बारशाची तारीख ठरल्यावर नको. व्हीलचेअर हवी असेल तर ती तिकिटातच दोन्ही लेगसाठी नोंदवून घ्या. त्यासाठी बिझनेस क्लास लागत नाही.

इथे मराठी नावांची एक गंमत सांगायलाच हवी. आपल्या पासपोर्टवर अनेकदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. तिकीट त्याच नावाने निघतं, पण माइल्सच्या खात्यात नुसतं नाव आणि आडनाव. कॉम्प्युटरला ती दोन माणसं वाटतात आणि माइल्स लटकतात. तेव्हा खातं उघडतानाच पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा.

स्वस्तातली दोन तिकिटं

मुंबई–फ्रँकफर्ट एका साइटवरून, पुढचं दुसऱ्या साइटवरून. सात-आठ हजार वाचले म्हणून खूश? जरा थांबा. एकाच तिकिटावर पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं, तर पुढे पोहोचवणं ही एअरलाइनची जबाबदारी. दोन वेगळ्या तिकिटांवर दुसरी कंपनी सरळ म्हणते, तुम्ही आलाच नाहीत! तिकीट बाद, नवीन काढा. बॅगही फ्रँकफर्टलाच पट्ट्यावर येऊ शकते. तो पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो, म्हणजे शेंगेन व्हिसा हवा. आणि पहिल्या तिकिटावरचं अपग्रेड दुसऱ्यावर चालणार नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

फ्लाइट रद्द झाल्यावरही सावध राहा. कंपनी तुम्हाला दुसऱ्याच एअरलाइनच्या विमानात बसवते, तेव्हा माइल्सवर घेतलेलं अपग्रेड बहुतेकदा गळून पडतं. कापलेले माइल्स परत आले का, ते घरी पोचल्यावर तपासा. मूळ तिकिटाप्रमाणे मिळाले असते तेवढे प्रवासाचे माइल्सही मागता येतात. अर्थात, मागितले तर! त्यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवा.

माइल्स म्हणजे लोणचं नव्हे

मुरत ठेवले की छान लागतात, असं माइल्सचं नसतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमानं जमिनीवर आली आणि ‘किंग क्लब’च्या माइल्सचा उपयोग संपला. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. जेटचा प्रोग्रॅम वेगळ्या कंपनीकडे असल्याने माइल्स वाचले, त्याचं नाव त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ झालं, पण ज्यासाठी ते जमवले होते ती जेटची सीटच उरली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिच्या सभासदांचे पॉइंट्स एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’मध्ये गेले, म्हणजे ते नशीबवान ठरले. पण विलीनीकरणात नियम बदलतातच.

कंपनी ठणठणीत असली तरी माइल्स स्वस्त होतात. युनायटेडने २०१९ मध्ये कुठल्या प्रवासाला किती माइल्स, याचा ठरलेला तक्ताच काढून टाकला. त्याच वर्षी त्यांनी माइल्सची मुदतही रद्द केली, हे खरं. पण संपत नाहीत म्हणून त्यांची किंमत टिकते असं नाही. सिंगापूर एअरलाइन्सचे ‘क्रिसफ्लायर’ माइल्स तर साधारण तीन वर्षांत मुदतबाह्य होतात. बँकेच्या कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनकडे वळवतानाही घाई नको. एकदा तिकडे गेले, की सहसा परत येत नाहीत. आधी सीट आहे का बघा, मगच वळवा.

विमानतळावर निघण्यापूर्वी

• एक अलायन्स, एकच मुख्य खातं. पाच खात्यांत पाच-पाच हजार माइल्स म्हणजे कुठेच काही नाही.

• तिकीट काढण्यापूर्वी अक्षर विचारा आणि त्यावर आपल्या खात्यात किती माइल्स पडतील, ते प्रोग्रॅमच्या साइटवर बघा.

• कोडशेअर असेल तर विमान उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर आधीच घेऊन ठेवा.

• माइल्सवर अपग्रेड हवं असेल तर माइल्सवाल्या कंपनीला फोन करा, आणि तो तिकीट काढण्यापूर्वी करा. पैसे भरल्यावर अक्षर बदलायला जास्तीचे पैसे पडतात.

• काउंटरवर विचारायला हरकत नाही, पण पैसे देऊन अपग्रेड किती पडेल, हेही विचारा. कधीकधी माइल्सपेक्षा ते स्वस्त पडतं.

• बोर्डिंग पासचा फोटो काढा. राहिलेले माइल्स मागायची मुदत काही महिन्यांचीच असते.

ट्रॅव्हल डेस्कला पुढच्या ऑनसाइटची मेल टाकाल, तेव्हा तारखेखाली एक ओळ वाढवा. ‘दोन्ही लेग एकाच एअरलाइनचे मिळतील का?’ भाडं तेवढंच असेल, तर डेस्कलाही नाही म्हणायचं कारण नसतं. आणि तुमचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं.