पाठचे भावंड येताना

घरात दुसरे बाळ येणार असे ठरले की थोरल्या मुलाच्या तयारीचा सारा विचार बहुधा त्या बाळाभोवतीच फिरतो. त्याच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि ‘तुला भाऊ हवा की बहीण’ या प्रश्नाला मुलाला आल्यागेल्यापुढे उत्तर द्यावे लागते. यात गैर काही नाही; मात्र दोन-तीन वर्षांच्या मुलावर येणारे खरे संकट बाळ नसून आईपासूनची ताटातूट हे असते, आणि तयारी व्हायला हवी ती तिचीच.

मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी पहिल्या मुलाच्या या अवस्थेला पदच्युती, म्हणजे सिंहासनावरून पायउतार व्हावे लागणे, असे म्हटले. ही कल्पना लोकप्रिय झाली खरी, पण तिच्यामुळे दोष नकळत नव्या बाळाकडे गेला. ब्रिटनमधील जेम्स व जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने आई दुसऱ्या बाळंतपणासाठी गेलेली असताना लहान मुलांचे काय होते याचे चित्रीकरण केले, तेव्हा वेगळेच दिसले. त्यांच्या १९६९ सालच्या चित्रपटातील १७ महिन्यांचा जॉन नऊ दिवस एका निवासी शिशुगृहात राहिला. तेथील परिचारिका प्रेमळ होत्या, परंतु त्या पाळीनुसार बदलत असल्यामुळे हक्काने बिलगावे असे एकही माणूस त्याला मिळाले नाही, आणि अखेर आई न्यायला आली तेव्हा त्याने तिलाच झिडकारले. याउलट, जी मुले या दांपत्याने आधी ओळख करून घेऊन, त्यांच्या सवयी समजून घेऊन स्वतःच्या घरी सांभाळली, ती अस्वस्थ झाली तरी सावरली.

महाराष्ट्रातील घरांना हा धडा फार जवळचा आहे. बाळंतपणाला माहेरी जाण्याच्या प्रथेमुळे थोरले मूल एक तर आईबरोबर अनोळखी घरी, नव्या अंथरुणावर जाते, नाहीतर आजी-आजोबांकडे मागे राहते. त्यातच सोयर, म्हणजे जन्मानंतर काही दिवस पाळले जाणारे अशौच, मानणाऱ्या घरांत बाळंतिणीच्या खोलीकडे धावणाऱ्या मुलाला ‘शिवू नकोस’ म्हणून अडवले जाते, आणि शस्त्रक्रिया झालेली असेल तर आई त्याला उचलूनही घेऊ शकत नाही. म्हणून जो कोणी मुलाला सांभाळणार असेल, मग ते बाबा असोत, आजी असो वा मावशी, त्याने प्रसूतीच्या महिना-दोन महिने आधीपासूनच त्याला न्हाऊ घालणे, भरवणे, निजवणे हळूहळू आपल्याकडे घ्यावे. शाळेत घालणे, पाळणा किंवा खोली बदलणे यांसारखे बदल बरेच आधी उरकावेत किंवा पुढे ढकलावेत. लहान मुलाला महिन्यांचा हिशेब कळत नसल्यामुळे ‘गणपती गेल्यावर’ अशी त्याच्या ओळखीची खूण सांगावी, आणि आईने दवाखान्यात जाताना चोरून निघून न जाता निरोप घेऊन जावे.

‘आता तुझे लाड संपले’ ही पाहुण्यांची थट्टा मात्र घरातील मोठ्यांनी स्पष्ट शब्दांत थांबवलीच पाहिजे, कारण मूल ती थट्टा म्हणून ऐकत नाही.

बाळ आल्यावर थोरले अंथरूण ओले करू लागते, बाटली मागते, बोबडे बोलते. मागे सरकण्याची ही तऱ्हा बहुतेक वेळा तात्पुरती असते आणि तिच्यासाठी रागावण्याने ती लांबतेच. ज्युडी डन आणि कॅरल केन्ड्रिक यांनी केंब्रिजमधील ४० कुटुंबांचा अभ्यास करून १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नोंदवले आहे की आई बाळात गुंतलेली असताना थोरल्याचा खट्याळपणा वाढतो. त्यामुळे दूध पाजण्याच्या वेळी त्याला शेजारी बसवून गोष्ट सांगणे हे त्याला बाहेर पाठवण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते. त्याच अभ्यासात असेही आढळले की ज्या आयांनी थोरल्याशी बाळाबद्दल माणसासारखे बोलणे ठेवले, म्हणजे ‘ते का रडत असेल, त्याला भूक लागली असेल का’ असे त्यालाच विचारले, त्यांच्या मुलांचे आपसातील नाते वर्षभरानंतरही अधिक स्नेहाचे होते.