मूत्रपिंडातला पहारेकरी

शरीरात मीठ राखून ठेवायचा हुकूम मूत्रपिंडाला देतं ते आल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन. पण हा हुकूम ज्या रिसेप्टरवर पोचतो, त्याला कॉर्टिसॉलही तितकंच घट्ट चिकटतं. आणि रक्तात कॉर्टिसॉल असतं आल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट! या हिशेबाने आपण सगळेच अंगावर सूज आणि चढलेला रक्तदाब घेऊन फिरायला हवे होतो. तसं होत नाही, कारण त्याच पेशीत एक एन्झाइम पहाऱ्याला बसलेलं असतं. आत शिरलेल्या कॉर्टिसॉलला ते तिथल्या तिथे निष्प्रभ करून टाकतं. हा उलगडा व्हायला १९८८ साल उजाडलं. एडिंबरा आणि मेलबर्न इथल्या संशोधकांनी तो केला. इतका साधा आणि इतका चोख बंदोबस्त आपल्या आत रात्रंदिवस चालू आहे, याचं मला अजूनही नवल वाटतं.

कुशिंग सिंड्रोममध्ये हा पहारा तोकडा पडतो. हार्वी कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाने १९१२ मध्ये या विकाराचं वर्णन केलं : गोल झालेला चेहरा, सुटलेलं पोट, बारीक हातपाय, कातडीवर जांभळट चरे. कधी पिट्युटरी किंवा अॅड्रिनल ग्रंथीत गाठ असते. पण जास्त करून कारण असतं ते दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. गाठीमुळे कॉर्टिसॉलचा लोंढा आला की एन्झाइमला तो आवरत नाही. मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. म्हणून या रुग्णांना पहिली सूचना मिठाची. निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे पापड, लोणचं आणि फरसाणच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतात.

कॉर्टिसॉलची दुसरी करामत स्नायूंवर चालते. ते स्नायूंतली प्रथिनं मोडायला लावतं आणि यकृत त्यांची साखर बनवतं. उपासमारीत जीव तगवणारी ही सोय इथे भरल्या पोटीही थांबत नाही. खाली बसलेल्या माणसाला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात आणि साखर मात्र वाढलेली! अशा वेळी नुसता भात कमी करून भागत नाही. प्रत्येक जेवणात मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडं, मासे, दही यांपैकी काहीतरी हवंच. गोडाला आणि मैद्याला आवर हवा.

हाडांचंही तसंच. कॉर्टिसॉल आतड्यातून कॅल्शियम नीट शोषू देत नाही, उलट लघवीतून घालवतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. नाचणीची भाकरी, दूध, तीळ यांचा इथे खरा उपयोग आहे. शहाळं आणि केळी पोटॅशियम देतात, पण काही औषधांनी आणि मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम उलट वाढतं, त्यामुळे ती विचारूनच घ्यावीत. ‘लो सोडियम’ मिठाचंही तेच, कारण त्यात पोटॅशियम असतं.

आता ज्येष्ठमध. १९४०च्या दशकात एका डच डॉक्टरने पोटाच्या अल्सरवर त्याचा अर्क दिला. गुण आला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज दिसू लागली. ज्येष्ठमधातलं एक द्रव्य मूत्रपिंडातल्या त्या पहारेकऱ्यालाच निकामी करतं, हे पुढे कळलं. खोकल्याला कधीतरी कांडी चघळणं वेगळं. पण ज्याच्या अंगात कॉर्टिसॉल आधीच वाढलेलं आहे, त्याने रोजच्या काढ्यात ज्येष्ठमध घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आहाराने कुशिंग बरा होत नाही. गाठीवर उपचार करावेच लागतात. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने एकदम बंद करू नका. अॅड्रिनल ग्रंथींचं काम तोवर मंदावलेलं असतं आणि अचानक खंड पडला तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या यादीत घरातल्या काढ्यांची आणि चूर्णांचीही नावं लिहून न्या.