रेनकोटातलं कथिल

पावसाळा लागला की भुशी धरणाच्या वाटेवर रंगीबेरंगी रेनकोट लटकू लागतात. स्वस्तातले बरेचसे पीव्हीसीचे. पीव्हीसी तापवताना विघटित होऊन त्यातून आम्लवायू सुटतो. तो आवरायला स्थिरक मिसळतात, आणि काही स्थिरक कथिलाची सेंद्रिय संयुगे असतात.

लगेच दचकू नका. पितळी पातेल्याची कल्हईही कथिलाचीच, आणि तिने कुणाचं काही बिघडलेलं नाही. कार्बनच्या साखळ्या जोडल्या गेल्या की मात्र काही संयुगे जहाल होतात. ट्रायब्युटिलटिन त्यातलं सर्वांत बदनाम. जहाजाच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून ते रंगात घालत. परिणामी समुद्री गोगलगायींच्या माद्यांना चक्क नराचे अवयव फुटले! गोव्याच्या मुरगाव बंदरातल्या गोगलगायींतही हा प्रकार आढळल्याची नोंद १९९९मध्ये प्रसिद्ध झाली. अशा रंगांवरचा आंतरराष्ट्रीय करार २००८मध्ये अमलात आला.

युरोपने वस्तूंनाही हात घातला. २०१०पासून ट्रायब्युटिलटिनसारख्या संयुगांतलं कथिल वस्तूच्या वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही. २०१२पासून पीव्हीसीच्या स्थिरकांत येणाऱ्या डायब्युटिलटिनलाही हीच मर्यादा आली, थोड्या सवलतींसह.

रेनकोट हुंगून किंवा चुरगाळून यातलं काहीच कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं, त्यामुळे तपासणीची जबाबदारी बनवणाऱ्यावरच हवी.