घरचे संकेतस्थळ

कोपर येथील एका गृहस्थाने १९९८ च्या सुमारास आजीच्या ओव्या जगाला वाचावयास मिळाव्यात म्हणून स्वतःचे संकेतस्थळ उभारले, अशी कल्पना करा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले होते. संगणक टेलिफोनच्या तारेने जोडावा लागे आणि तोवर घरचा टेलिफोन अडकून पडे. चित्र तर वरून खाली हळूहळू उमटत असे!

खरी अडचण मराठीची होती. त्या काळच्या अनेक टंकांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसविलेले असत. वाचणाऱ्याच्या संगणकात तोच टंक नसला, तर त्याला ओवीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसे. मग लिहिणाऱ्याचे श्रम व्यर्थच की! युनिकोड या पद्धतीने, जिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. ‘अ’चा क्रमांक २३०९ आहे. मात्र घरोघरच्या संगणकांना देवनागरी अशी वाचता येऊ लागली ती २००० नंतर, हळूहळू.

जागेचाही प्रश्न होताच. अशा पानांना फुकट जागा देणारी जिओसिटीज ही अमेरिकेतील सेवा २००९ साली बंद झाली. काही पाने इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने जपली. कित्येक नाहीशी झाली. आपल्या गृहस्थाने ओव्यांची वही टाकून दिली नव्हती, हे बरे झाले. तिच्यावरून त्याने त्या पुन्हा टंकल्या, आणि आता लोकलमध्ये उभ्याउभ्या त्या मोबाईलवर वाचता येतात.