सही झाल्यानंतरचे दिवस

वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या आसपास रस्त्यावर कुणाच्या डोक्याला जबर मार लागला की त्याला वाशीम किंवा अकोल्याला नेतात, तिथं भागलं नाही तर नागपूरला. घरातले दोघं-तिघं मिळेल त्या गाडीने मागोमाग निघतात. अवयवदानाचा प्रश्न समोर येतो तो याच माणसांसमोर. अंगावरचे कपडे कालचेच, पोटात अन्न नाही, आणि गावाकडून फोनवर फोन.

काचेपलीकडे छाती वरखाली होत असते. हात गरम लागतो. डॉक्टर मात्र सांगतात, मेंदू मृत झालाय, म्हणजे माणूस गेलाय. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे हे चार डॉक्टरांच्या मंडळाला ठरवावं लागतं, आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासावं लागतं. पण आईला दिसतो तो चालू श्वास. दानाच्या संमतीपत्रावर सही केली, तरी "आपण घाई तर केली नाही ना?" हा प्रश्न पुढे रात्री-अपरात्री छळतो. ज्यांना मेंदूमृत्यू सावकाश, त्यांच्या भाषेत समजावला जातो, शक्य असेल तर चाचणी डोळ्यांसमोर केली जाते, त्यांच्या मनात तो कमी रुतत असावा, असं मला वाटतं.

अवयवदान केलं की दुःख हलकं होतं, असं आपण भाषणांत सहज बोलून जातो. नेदरलँड्समध्ये क्लायरन आणि व्हॅन झोलेन या संशोधकांनी दान केलेली, नकार दिलेली आणि विचारणाच न झालेली कुटुंबं तपासली. 2002 मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की दानाने शोक वाढतही नाही नि कमीही होत नाही. मला हे पटतं. पोरगा गेला तो गेलाच. दानामुळे त्याच्याबद्दल बोलायला आणखी एक गोष्ट मिळते, एवढंच, आणि ते थोडं नाही.

गावात मात्र त्या गोष्टीलाच डाग लागू शकतो. अवयव काढणं, शवविच्छेदन, पोलिसांचे कागद यांत वेळ जातो आणि देह उशिरा घरी येतो. दुखवट्याला आलेल्यांपैकी कुणीतरी हळूच विचारतो, "किती मिळाले?" हा प्रश्न मरणाइतकाच झोंबतो. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या 2014 च्या नियमांप्रमाणे दात्याचा देह जपण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्चही त्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही. हे घरच्यांनी शपथा घेऊन का सांगत बसावं? तेरवीच्या आत रुग्णालयाच्या अवयवदान समन्वयकाने घरी यावं आणि चार माणसांत स्वतः सांगावं.

अवयव कुणाला गेले, ही ओढ तर राहतेच. 1994 मध्ये इटलीत गोळीबारात गेलेल्या सात वर्षांच्या निकोलस ग्रीनचे अवयव सात जणांना मिळाले. त्याच्या आईवडिलांना पुढे ती माणसं भेटली. आपल्याकडे दोन्ही बाजूंची ओळख गुप्त ठेवायची असते, आणि मला ते योग्य वाटतं. उपकाराचं ओझं नको, मागणीचा धाक नको. शिवाय बसवलेला अवयव निकामी झाला, तर तेच मरण पुन्हा सोसायची वेळ येते. पण नाव न सांगता "मूत्रपिंड मिळालेला माणूस सुखरूप घरी गेला" एवढं कळवायला काय हरकत आहे? तसा एक फोन महिन्याभराने आणि एक वर्षश्राद्धाच्या सुमारास, समन्वयकाच्या कामातच धरलेला असावा.