खुराड्यातला स्टुडिओ

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती कॅमेरा आला तो वयाच्या ४८व्या वर्षी, डिसेंबर १८६३मध्ये. पती चार्ल्स सिलोनला आपल्या कॉफीच्या मळ्यांवर गेले होते. आईचं एकटेपण सुसह्य व्हावं म्हणून लेक आणि जावई यांनी ही भेट दिली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आइल ऑफ वाइट हे बेट आहे. तिथल्या फ्रेशवॉटर गावी त्यांचं घर होतं. बाईंनी कोळशाची कोठी रिकामी करून तिची डार्करूम केली, कोंबड्यांना मोकळं सोडलं आणि त्यांच्या काचेच्या खुराड्यात स्टुडिओ थाटला. जानेवारी संपायच्या आत अ‍ॅनी नावाच्या लहान मुलीचं छायाचित्र त्यांना साधलं. ‘माझं पहिलं यश’ असं त्यांनी त्याला नाव दिलं.

या बाईंचा जन्म कोलकात्याचा, १८१५मधला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. पती कायदेपंडित, मेकॉलेबरोबर भारतीय दंडसंहितेच्या कामात होते. हे कुटुंब १८४८मध्ये इंग्लंडला गेलं. पण छायाचित्रणाचं बीज त्याआधीच पडलं होतं. १८३६मध्ये केप ऑफ गुड होप इथं त्यांची खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्षेल यांच्याशी ओळख झाली होती. चांदीचे क्षार ‘हायपो’ या रसायनात विरघळतात, हे १८१९मध्ये शोधून काढणारे हेच हर्षेल. छायाचित्र कायम टिकवण्याची युक्ती याच शोधातून मिळाली. ही नवी कला जन्माला येत असताना तिच्या बातम्या हर्षेल यांच्या पत्रांतून कोलकात्यात बाईंपर्यंत पोचत होत्या. कॅमेरा उशिरा आला, ओढ जुनी होती.

त्या काळचं काम अंगमेहनतीचं. काचेवर कोलोडियनचा चिकट थर पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. हात आणि कपडे काळे व्हायचे. बाईंच्या चित्रांसाठी समोरच्याला कित्येक मिनिटं निश्चल बसावं लागे. १८६६पासून तर त्या १५ बाय १२ इंचांच्या काचा वापरू लागल्या. एवढी मोठी काच, जवळून टिपलेला चेहरा आणि मंद उजेड, यामुळे डोळा स्पष्ट आला तर कान धूसर व्हायचा.

ही धूसरता वादाचा विषय ठरली. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या वर्तुळातले टीकाकार म्हणत, या बाईंना फोकस जमत नाही, काचेवर ओरखडे असतात, बोटांचे ठसे उमटतात. ठसे आणि ओरखडे होतेच. फोकसबद्दल मात्र बाईंनी ‘माझ्या काचघराची बखर’ म्हणता येईल अशा आपल्या अपुऱ्या आत्मकथनात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. भिंग फिरवता फिरवता जिथं चित्र डोळ्यांना सुंदर दिसे, तिथंच त्या थांबत. शिवाय त्यांच्यासमोर एक उदाहरणही होतं. डेव्हिड विल्की विनफील्ड नावाचा चित्रकार आपल्या कलावंत मित्रांचे असेच जवळून, मृदू फोकसमध्ये फोटो काढत असे. त्याच्याकडून बाईंनी एक धडा घेतला आणि त्याचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं. आपण कुणाकडून काय घेतलं, हे न लपवण्याचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

सर्वांत मोठा प्रभाव अर्थातच चित्रकलेचा. त्यांच्या बहिणीच्या लंडनमधल्या ‘लिटल हॉलंड हाउस’ या घरी चित्रकार जी. एफ. वॉट्स कैक वर्षं राहत होते. ते बाईंचे गुरूही आणि परखड समीक्षकही. इटलीतल्या जुन्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती छापणाऱ्या अरुंडेल सोसायटीच्या त्या सभासद होत्या. राफाएल त्यांच्या मनात घर करून होता. मग मेरी हिलियर ही घरात काम करणारी मुलगी अंगावर शाल ओढून मॅडोना झाली आणि गावातली पोरं देवदूत.

इथं मला जे वाटतं ते लिहितो. या वेशभूषेच्या चित्रांत प्रभाव वरवर दिसतो. शेजारी राहणाऱ्या कवी टेनिसनच्या सांगण्यावरून त्यांनी राजा आर्थरच्या काव्यकथांसाठी १८७४मध्ये फोटो काढले. पतीला मर्लिन जादूगार म्हणून उभं केलं. त्यात कष्ट अपार आहेत, पण कॅमेरा पोशाखाची शिलाईसुद्धा टिपतो आणि कथेचा भास तुटतो. चित्रकाराचा कुंचला जे झाकू शकतो, ते भिंग झाकत नाही.

याउलट १८६७मधला हर्षेल यांचा फोटो पाहावा. बाई सगळं सामान घेऊन त्यांच्या घरी गेल्या. केस मोकळे, पिंजारलेले दिसावेत म्हणून ते आधी धुवायला लावले, अशी हकिकत सांगतात. पार्श्वभूमी पूर्ण काळी. एका बाजूनं आलेल्या उजेडात तो पांढऱ्या केसांचा, थकलेल्या डोळ्यांचा म्हातारा आपल्याकडे पाहतो. इथं रेम्ब्रांटचा उजेड आहे, पण रेम्ब्रांटची नक्कल नाही. त्याच वर्षी त्यांनी भाची ज्यूलिया जॅक्सनचा सरळ समोरून फोटो घेतला. अर्धा चेहरा प्रकाशात, अर्धा अंधारात, ना दागिना ना कथा. ही भाची पुढे लेखिका व्हर्जिनिया वुल्फची आई झाली. चित्रकलेकडून घेतलेलं सारं या दोन फोटोंत पचून अंगी लागलं आहे.

धंदेवाईक स्टुडिओत तेव्हा खांब, पडदा आणि नखशिखान्त स्पष्ट आकृती हवी असे; गिऱ्हाईक तेच मागे. बाईंवर ते बंधन नव्हतं. पण हौशी म्हणजे हलक्या हातानं काम करणाऱ्या, असं नव्हे. पाचशेहून अधिक छायाचित्रांची त्यांनी कॉपीराइटसाठी नोंद केली, कोलनागी या लंडनच्या पेढीमार्फत प्रिंट विकले. साउथ केन्सिंग्टन संग्रहालयानं, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनं, १८६५मध्येच त्यांची चित्रं विकत घेतली आणि १८६८मध्ये त्यांना स्टुडिओसाठी दोन खोल्या दिल्या.

१८७५मध्ये पती-पत्नी सिलोनला गेले. तिथल्या त्यांच्या कामातले तीसहून कमी फोटो आज उरले आहेत. जानेवारी १८७९मध्ये त्या तिथंच वारल्या.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन या संग्रहालयांनी त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर पाहण्यासाठी खुली ठेवली आहेत. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर पाहा, आणि सुरुवात हर्षेल यांच्यापासून करा.